दाराआडचा लांडगा

एका गावात एक भोळा म्हातारा होता. गेनूआबा त्याचं नाव. देवाने आपल्याला डोकं दिलंय ते पागोटं ठेवायला, असं तो स्वतःच सांगायचा. नात हौसा बालवाडीत जायची, म्हणून तोही जायचा आणि पोरांना गोष्टीचा खेळ खेळवायचा.

खेळ असा. ओसरीवर खडूने दहा गोल काढायचे. ते नदीतले दगड. पोर म्हणजे कोकरू. मागे लांडगा. कोकराने आकडे म्हणत दगडांवरून उड्या मारायच्या आणि खोलीत शिरायचं. मग आबाने आतून कडी लावायची.

हौसा तीनपर्यंत म्हणायची आणि रडायची. दहा म्हटल्याशिवाय तिला पहिलीत घेणार नव्हते. आबाच्या जिवाला तोच घोर.

बालवाडीच्या शेवंताबाई म्हणाल्या, "आबा, पोर बघून खेळ बदला. जमत नसेल तर दगड कमी करा."

दुसऱ्या दिवशी आधी म्हादू आला. त्याला शंभरापर्यंत यायचं. आबाने तीनच दगड ठेवले.

"आबा, ही नदी का मोरी?" म्हादूने विचारलं.

"अहो, हुशार पोराला दगड वाढवायचे," बाई म्हणाल्या.

हौसाइतकं हुशार पोर आबाला गावात दुसरं दिसत नव्हतं. तिचे दगड त्याने पार पिठाच्या गिरणीपर्यंत नेले. हौसा तिसऱ्यावरच बसली. मग ती खेळेनाच. कोपऱ्यातून नुसती बघायची.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आबा, कोपऱ्यात कुणी नुसतं बघत बसलं, की त्याचं नाव गोष्टीत घाला. मग ते आपसूक खेळात येतं."

"एवढंच ना," आबा म्हणाला.

एक दिवस पोरांचे आकडे ऐकायला तपासनीस वत्सलाताई आल्या. ओसरीवर पुन्हा दहाच दगड काढले होते. बाई मागच्या अंगणात खिचडी ढवळत होत्या. ताई ओसरीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या. नुसत्या बघत. आबाला त्यांची दया आली. कोकरं तर सगळी पोरंच होती. बिननावाचा एक लांडगा तेवढा उरला होता.

"आणि मागून कोण आला? वत्सलाताई लांडगा!"

ताई दचकून उठल्या. पोरं किंचाळत पळाली. सगळ्यांत पुढे हौसा. "एक, दोन, तीन..." तिने मागे पाहिलं. ताई चष्मा सावरत येत होत्या. "चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा!" हौसा खोलीत. पोरं खोलीत. आबाने आत शिरून कडी लावली.

दार वाजलं.

"कोण?"

"मी वत्सलाताई. उघडा, आबा. पोरगी दहा म्हणाली, ऐकलं मी. तिचं नाव पहिलीसाठी लिहून घेते."

आबाचे डोळे भरून आले. हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. आजवर पुष्कळ फसलो, आज फसायचं नाही.

"हौसाबाई," तो हळूच म्हणाला, "लांडगा असंच गोड बोलतो बरं."

आणि दाराला पाठ लावून बसला.