खविसाचं स्टूल

“बघा ना मास्तर, यात कुठे काही कमी आहे का?”

हेरंबने कागद टेबलावर पुढे सरकवला. मास्तरांनी तो हातात घेतला नाही. ते खिडकीशी उभे राहून रुमालाने फासे पुसत होते. फासे शिसवी, त्यांनीच कोरलेले. पोरांच्या हातांनी कोपरे पार झिजून गेले होते.

बाळोबा मास्तर रहिमतपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि शाळा सुटली की माडीवरच्या या खोलीत खेळ मांडायचे. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, मास्तर गोष्ट सांगत जाणार. गोष्टीत पुढे काय करायचं ते सोंगांनी ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासे सांगणार. किती पोरं या खोलीत मोठी झाली, देव जाणे.

आता मास्तर थकले होते. उद्या लेकीकडे हुबळीला निघायचं होतं, खोली सोडली होती. आज शेवटचा डाव. लहानपणी हेरंबबरोबर इथेच खेळलेले यास्मिन आणि दिगू संध्याकाळी यायचे होते. हेरंब मात्र पुण्याहून दुपारीच येऊन बसला होता. त्याने एक नवीन सोंग रचलं होतं, अख्खी एक भुतांची जात, आणि घरी रचलेलं सोंग मास्तरांनी हो म्हटल्याशिवाय या टेबलावर चालत नसे.

“वाच,” मास्तर म्हणाले.

“खवीस. अंगात दहा माणसांचं बळ. नदी एका ढांगेत पार. अंधारात दिसतं. आणि एवढं दिलं म्हणून एक उणं... ऊन लागलं की दगड होतो.”

“हं.”

“संगणकावर हजारो लढाया लावून पाहिल्या मी याच्या. निम्म्या जिंकतो, निम्म्या हरतो. काटा अगदी मधोमध.”

पुण्याला हेरंब खेळ बनवण्याचीच नोकरी करत होता. त्यामुळे काटा मधोमध म्हणताना त्याची मान जरा ताठ झाली, आणि का होऊ नये?

“छान,” मास्तर म्हणाले.

मास्तरांचं छान म्हणजे छान नव्हे, हे हेरंबला लहानपणापासून माहीत होतं. चित्राकडे बघून ते असंच छान म्हणायचे आणि चित्र परत हातात द्यायचे.

“तुझ्या चकव्याचं काय झालं रे?”

चकवा म्हणजे वाटसरूंना वाट चुकवणारं भूत. ते सोंग मास्तरांनीच त्याला रचून दिलं होतं. हेरंबचा चकवा वाटेल त्याला रानात गोल गोल फिरवी, पण गंमत अशी, की स्वतःला मात्र कुठलाच रस्ता ठाऊक नाही. मग यास्मिनची कंदीलवाली पुढे आणि हे भूत तिच्या उजेडाकडे बघत मागे. दिगू नावाडी. सगळी शाळा हेरंबला चकव्या म्हणायची.

“चकवा नको आता, मास्तर. सगळं लहानपण दुसऱ्याच्या मागे मागे फिरलो. हा शेवटचा डाव. आज तरी माझा मी चालेन.”

त्याने स्टूल टेबलाशी आणखी जवळ ओढलं. 

मास्तरांनी त्याच्या बुडाखालच्या स्टुलाकडे पाहिलं.

“हे कुणी आणून दिलं?”

“कोण देणार? मीच ओढून घेतलं. खोलीत दुसरं होतं कोण?”

या टेबलाचा एक रिवाज होता. आपलं स्टूल आपण घ्यायचं नाही, दुसऱ्याने आणून द्यायचं. पहिल्या दिवशी हेरंब किती तरी वेळ दाराशी नुसता उभा होता. कुणी सांगेना, त्याला कळेना, कान लाल झालेले. मग यास्मिन उठली, आपल्यापेक्षा जड स्टूल फरफटत घेऊन आली आणि म्हणाली, बस की, भूत कुठला.

“बरं,” मास्तर म्हणाले. “खेळून बघू. नदीला पूर आहे. तुम्ही तिघं काठावर.”

“खवीस दोघांना खांद्यावर घेऊन एका ढांगेत पलीकडे.”

“आणि दिगूची नाव?”

“नाव कशाला?”

मास्तरांनी दिगूच्या जागचं स्टूल उचललं आणि बाहेर गच्चीवर नेऊन ठेवलं. हेरंबला वाटलं, म्हातारा निघायच्या आधीची आवराआवर करतोय.

“पुढे गुहा. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.”

“खविसाला दिसतं.”

“कंदील?”

“विझवून टाका म्हणावं. उगाच शत्रूला सुगावा.”

मास्तरांनी यास्मिनचं स्टूल उचललं. गच्चीवर ते ठेवल्याचा आवाज झाला. परत यायला त्यांना वेळ लागला, गुडघे धरून आले.

“उन्हं वर आली.”

“खवीस दगड झाला.” हेरंबला हुशारी आली. उण्याची बाजू आता दिसणार होती. “संध्याकाळपर्यंत गेला कामातून.”

“आणि ते दोघं?”

“थांबतात.”

“काय करतात?”

“थांबतात... बसून राहतात.”

“कशावर?”

हेरंबने टेबलाकडे पाहिलं. एका बाजूला मास्तरांचं स्टूल, रिकामं. एका बाजूला तो. बाकी नुसती फरशी, आणि फरशीवर स्टुलांच्या पायांचे जुने ओरखडे.

  मास्तर पुन्हा फासे पुसायला लागले, पुसलेलेच.

बाहेर अंधारून आलं. खाली जिन्याशी चपला वाजल्या. दिगूचं खोकणं ऐकू आलं, ते तस्संच होतं. हेरंब उठून जिन्याच्या तोंडाशी गेला.

“चकव्या, तू आहेस का वर?” यास्मिनचा आवाज आला. “जिन्यातला दिवा गेलाय. तू उतरू नकोस, धडपडशील. मी येते उजेड घेऊन.”

तिच्या हातात मोबाईल होता, एवढाच काय तो फरक. उजेड एक एक पायरी चढत वर येऊ लागला आणि हेरंबचे डोळे भरून आले. हा उजेड त्याने किती वर्षांत पाहिला नव्हता, आणि आपण त्याला विसरलो होतो याचं त्याला फार वाईट वाटलं.

तो झटक्यात आत आला. पेन काढून त्याने कागदावर ‘अंधारात दिसतं’ यावर रेघ मारली. मग नदीवर मारली. उन्हाचा दगडही खोडला. मग गच्चीवर जाऊन दोन्ही स्टुलं आत आणली, एक दिगूच्या जागी, एक यास्मिनच्या. मास्तरांचं पुढे सरकवलं. आणि आपलं स्वतःचं उचलून बाहेर ठेवून आला.

दोघं आली. मास्तरांच्या पाया पडली. बसली. दिगू लगेच बोलायला लागला, त्याला कधी दम निघाला नाही.

हेरंब दाराशी उभा राहिला. हातात कागद, आणि कान लाल.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “खवीस चालेल?”

“काटा कुठे आहे आता?”

“... माहीत नाही.”

मास्तरांनी फासे टेबलाच्या मधोमध ठेवले.

“मग राहू दे त्याला जरा उभा. बघू, स्टूल कोण आणतंय.”