अर्ध्यावरची घंटा

“आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी ज्या दिवशी…”

टिंग.

“सोळा एप्रिल अठराशे त्रेपन्न. बोरीबंदर ते ठाणे.”

“…धावली, त्या दिवशी ठाण्याला उतरलेल्या पाहुण्यांचं खाणंपिणं कुठे झालं?”

ही माहिती सुधन्वा नाचणेच्या एकाही वहीत नव्हती, आणि वह्या एकोणीस होत्या.

दिगंबरबुवा मठाच्या ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होते. मठात येण्याआधी ते तालुक्याच्या शाळेत मास्तर होते, आणि तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेचे प्रश्न अजूनही तेच काढत. सुधन्वा त्यांचा जुना विद्यार्थी. इतिहास, विज्ञान, सिनेमा, साहित्य, काहीही विचारा, गडी तयार. सरावासाठी तो स्पर्धेत असते तशी टेबलावरची घंटा बरोबर घेऊन आला होता. नमस्कार करायच्या आधी त्याने ती ओटीवर मांडली, यावरून काय ते समजा.

“आणखी विचारा, बुवा.”

“सूर्याचा उजेड पृथ्वीवर पोचायला…”

टिंग. “आठ मिनिटं वीस सेकंद.”

“…आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. चंद्रावरून यायला किती?”

“सव्वा सेकंद. हे येत होतं मला.”

“येत होतं खरं,” बुवा म्हणाले. “पण तू दुसरंच सांगितलंस.”

अंगणात भात वाळत घातलं होतं. त्यावर चिमण्या उतरल्या. बुवांनी ‘हुश्श’ केलं. चिमण्या जरा बाजूला सरकल्या आणि परत आल्या.

“आता कशाला आलास ते सांग.”

सुधन्वाने खिशातून घडी केलेला कागद काढला. स्पर्धेचा अर्ज. स्पर्धा जोडीची असते, तेव्हा सह्या दोन लागतात. एक झाली होती. दुसरीची जागा कोरी होती, आणि मुदत उद्यापर्यंतच होती.

“वृंदा सही करत नाही, बुवा. सहा वर्षं माझ्या शेजारी बसली, आणि आता म्हणते, ‘तुमच्या शेजारी बायको कशाला हवी, उशी ठेवा.’ ती तुमचीही विद्यार्थिनी. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल.”

“गेल्या वर्षी काय झालं होतं?”

“तुम्हीच तर प्रश्न वाचत होतात.”

“तू सांग.”

“अंतिम फेरी होती. शेवटचा प्रश्न. ‘आपल्याकडचा पहिला बोलपट…’ एवढं ऐकलं आणि मी घंटा मारली. एकोणीसशे एकतीस म्हणालो.”

“आणि पुरा प्रश्न?”

“‘…येण्याआधी, मूकपट चालू असताना पडद्यापुढे बसून कोणती वाद्यं वाजवत?’” सुधन्वाचा आवाज उतरला. “पेटी आणि तबला. वृंदाचे आजोबा तंबूतल्या सिनेमाला पेटी वाजवायचे.”

“हे तुला ठाऊक नव्हतं?”

“नव्हतं. मागाहून सासूबाईंनी सांगितलं.”

“लग्नाला किती वर्षं झाली?”

“नऊ वर्षं, चार महिने आणि…”

सांगता सांगता तो आपणच थांबला.

मला हे लिहिताना हसू येतं, आणि वाईटही वाटतं. सहा वर्षं बाई शेजारी मुकाट बसली. एकदाच तिच्या घरचा प्रश्न आला, आणि हा पठ्ठ्या सालावर थांबला.

बुवांनी वालांचं पातेलं जवळ ओढलं.

“एक प्रश्न विचारतो. बरोबर उत्तर आलं, तर मी स्वतः वृंदाशी बोलायला येतो.”

सुधन्वा सावरून बसला. हात घंटेपाशी.

“त्या संध्याकाळी घरी परतताना वृंदाला…”

टिंग. अंगणातल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. “राग आला.”

बुवांनी नवा वाल उचलला.

“त्या संध्याकाळी घरी परतताना वृंदाला…”

टिंग. “वाईट वाटलं.”

“त्या संध्याकाळी घरी परतताना वृंदाला…”

सुधन्वाचा हात जोरात खाली आला. घंटा वाजली नाही. तिच्यावर बुवांचा तळहात होता, आणि फटका त्या हातावर बसला होता.

सुधन्वा ओशाळला. त्याने हात मांडीवर घेतला आणि पुढचे शब्द यायची वाट पाहू लागला.

…

बुवांनी घंटेवरचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताच्या चिमटीत ते वाल दाबत होते. साल एकीकडे, डाळिंबी पातेल्यात. मठामागे नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

…

सुधन्वाला एसटी आठवली. वृंदा खिडकीशी बसली होती. तो तिला बाकीच्या प्रश्नांची उत्तरं समजावून सांगत होता, कोणतं कसं आलं, कोणतं थोडक्यात चुकलं. मधेच ती त्याच्याकडे वळली होती. तिने तोंडही उघडलं होतं.

ती काय म्हणाली होती?

त्याला आठवेना. बहुतेक त्याने तिला म्हणूच दिलं नव्हतं.

“बुवा,” तो हळूच म्हणाला, “पुढे काय?”

बुवांचा चेहरा खुलला. शाळेत एखाद्याचं गणित सुटलं की असाच खुलायचा.

“मला काय ठाऊक? मी कुठे होतो गाडीत? तिला विचार.”

सुधन्वाने अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि या खेपेला वाकून नमस्कार केला. त्याला एकदम हलकं वाटत होतं. कधी एकदा घर गाठतो असं झालं होतं. उठता उठता त्याने घंटेकडे हात केला.

बुवांचा तळहात अजून तिच्यावरच होता.

“ही राहू दे इथे. भातावर चिमण्या फार येतात.”