नदीची पाठवणी

त्या राज्यात नदी एकच होती आणि तिची माहेरं पुष्कळ होती. काठावरच्या प्रत्येक वस्तीची खात्री होती, की ही लेक आपलीच. बाकीच्यांच्या दारावरून ती केवळ नाइलाजाने जाते. म्हणून वर्षातून एकदा, उन्हं तापू लागली की, प्रत्येक वस्ती तिचं माहेरपण करी. तोरणं लागत, भाषणं होत, नदीच्या उपकारांची उजळणी होई. श्रोत्यांची तोंडं व्यासपीठाकडे असल्यामुळे पाठ नदीकडे होई, पण त्याला इलाज नव्हता. सावली व्यासपीठाच्या बाजूलाच होती.

कासवांची वस्ती सगळ्यांत खाली, एका डोहाकाठी होती. त्यांच्या मते जग तिथेच संपत होतं. त्या वर्षी तोरणं लागली, पण नदी आली नाही. डोहात गुडघाभर पाणी उरलं, तेही बगळ्याच्या गुडघ्याने. त्यात आक्का नावाची एक म्हातारी कासवीण पडून होती. तिचे पाय गेले होते. तिची धाकटी बहीण कमठा दिवसभर तोंडाने पाणी आणून तिच्या पाठीवर सोडी, आणि दुपारी ऊन ते परत घेऊन जाई. अजून थोडे दिवस असेच गेले असते, तर आक्का चिखलात वाळून गेली असती. हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघी दुसऱ्याच गोष्टी बोलत.

उत्सवाचे अध्यक्ष ढोकराव नावाचे बगळे होते. ते एका पायावर उभे राहिले की विचार करताहेत असं वाटे. या एकाच गुणावर त्यांची निवड झाली होती.

"नदी रुसली आहे," ढोकराव म्हणाले. "लेकीला माहेरी आणायला मुराळी धाडावा लागतो. आपण कधी धाडला? बोलावल्यावाचून लेक येते होय?"

सभा थक्क झाली. एवढी साधी गोष्ट अध्यक्षांशिवाय कुणाला सुचली नसती. मुराळी म्हणून कमठा ठरली. ती घर पाठीवर घेऊनच हिंडत असल्यामुळे तिच्या मुक्कामाची सोय करावी लागणार नव्हती.

"ढोकराव, तुम्हाला तर पंख आहेत," कमठा म्हणाली.

"अध्यक्षाने जागा सोडायची नसते, बाई."

आक्काने डोळा किलकिला केला. "जा गं. मी कुठे पळून जातेय? फक्त जरा पाय उचल. नाहीतर तू नदी घेऊन येशील आणि बघायला मी नसेन."

कमठा निघाली. कोरड्या पात्रातले गोटे तापले होते. वर पाणकोंबड्यांची वस्ती लागली. तिथे पात्रात आडवे दगड रचलेले होते आणि दगडांमागे पाणी निजलं होतं. त्यावर फुलं वाहिलेली होती.

"हळू बोला," एक पाणकोंबडी कुजबुजली. "लेक झोपलीय."

"केव्हापासून?"

"आल्यापासून."

"मी तिला न्यायला आलेय."

"इश्श! आत्ता तर आली. चार दिवस राहू द्याल की नाही?"

त्याच्याही वर रानडुकरांची वस्ती होती. त्यांची भिंत दुप्पट जाड होती. आपली माया दुप्पट असल्याचं त्यांनी सांगितलं. आतलं पाणी हिरवं पडलं होतं.

"माहेरच्या हवेने लेक कशी अंगाने भरलीय बघा," डुकरांचा म्होरक्या म्हणाला.

"भरलीय खरी. पण वास येतोय."

"अत्तर संपलंय. मागवलंय."

कमठा वर चढत राहिली. दोन्ही काठ जवळ येत गेले, मग काठच उरले नाहीत. शेवटी एक काळा खडक लागला. त्याच्या चिरेतून, नेच्याच्या पानाखाली, एक थेंब लोंबत होता.

बस, एवढंच होतं.

कमठा जवळ गेली. थेंबात अख्खा डोंगर उलटा होता. आभाळ होतं, ढग सरकत होते, आणि एका कडेला मान लांब केलेलं एक कासव होतं. कमठेने मान लववून "बाई, माहेरी चला" म्हणेपर्यंत थेंब सुटला. त्या जागी दुसरा आला होता. त्यातही पूर्ण डोंगर होता, पूर्ण आभाळ होतं. तोही थांबला नाही.

खडकावर एक गोगलगाय राहत होती.

"ही तुमची लेक का हो?" कमठेने विचारलं.

"कुणास ठाऊक," गोगलगाय म्हणाली. "मी इथलीच. मला कळू लागलं तेव्हाही ही निघालेलीच होती. कितीदा म्हटलं, टेक जरा. माझ्यासारखीलासुद्धा घाई वाटते हो हिची."

कमठा तिथे बराच वेळ बसून राहिली. मग उठली आणि थेंबांच्या मागे मागे उतरू लागली.

रानडुकरांच्या भिंतीशी आल्यावर ती म्हणाली, "माहेरपण झकास केलंत. पाठवणी कधी?"

डुकरं एकमेकांकडे बघू लागली.

"म्हणजे केलीच नाहीत? ओटी नाही, वेशीपर्यंत सोबत नाही, डोळ्यांत पाणी नाही? लोक काय म्हणतील?"

त्या राज्यात या प्रश्नापुढे कुणाचं काही चालत नसे. बघता बघता भिंत उतरली. पाणी आधी बिचकलं, मग धावलं. डुकरं हुंदके देत वेशीपर्यंत गेली. तिथे आधी कोण मागे फिरणार, हे ठरेना. जो फिरेल त्याची माया कमी ठरली असती. म्हणून सगळीच पुढे चालत राहिली. पाणकोंबड्यांनी हे पाहिलं आणि त्यांनी आपले दगड त्याहून मोठ्याने रडत काढले. पाण्याच्या आवाजात कुणाला भाषण करता येईना. चालता चालता रडणंही थांबलं. सगळी नुसती पाण्याकडे बघत चालली होती, जणू ते आज पहिल्यांदाच पाहत होती.

डोह भरला. आक्का चिखलातून सुटली आणि अलगद वर आली.

"लावा धोंडा!" ढोकराव ओरडले. डोहाच्या खालच्या तोंडाशी एक मोठा धोंडा आधीच आणून ठेवला होता. तो बसवला गेला, पाणी थांबलं. कमठेनेही सुटकेचा श्वास सोडला. आता आक्का उन्हाळा काढणार होती.

तेवढ्यात धोंड्याच्या खालच्या, कोरड्या बाजूने एक खेकडा चढून आला. त्याच्या पाठीवर पांढरं मीठ साचलं होतं आणि त्याला एक अनोळखी, अफाट वास होता. डुकरांनी नाकं वर केली.

"लेकीला सासरी न्यायला आलोय," खेकडा म्हणाला.

"खाली काही नाही," ढोकराव म्हणाले. "ते ठरलेलं आहे."

"असेल. पण तिकडे एकजण वाट बघतोय. फार मोठा आहे. त्याचा पलीकडचा काठ मी काही पाहिलेला नाही. दिवसभर येरझारा घालतो. किनाऱ्यापर्यंत येतो, बघतो, परत जातो."

सगळ्यांच्या माना खालच्या कोरड्या पात्राकडे वळल्या.

"कमठे," आक्का म्हणाली, "काढ तो धोंडा."

"आक्का, अगं तुझं पाणी..."

"रडायचं तर रड. पण काढ."

कमठेने धोंड्याला पाठ लावली आणि डोळे गच्च मिटून घेतले. धोंडा हलला, कलला, गडगडत गेला. त्यापाठोपाठ पाण्याचा असा आवाज उठला, की तिच्या पाठीचं कवच थरथरलं. तिने डोळे उघडले नाहीत. चिखलात पडलेली आक्का तिला पाहायची नव्हती.

आवाज थांबेना, तेव्हा तिने डोळे उघडले. पात्रभर पाणी खाली चाललं होतं, खेकड्याला खांद्यावर घेऊन, तिने कधी न पाहिलेल्या दिशेने. आणि मागे आक्का तरंगत होती. तिच्या पाठीला लागून दर क्षणी नवं पाणी निघून जात होतं, आणि डोह काठोकाठ होता.