ठकीचा माज

“...मग चूक कुणाची? माझी, की त्या कोंबडीची? तेवढं सांगा, खाला.”

रेठरेकर सर अजून स्कूटरवरून धड उतरलेही नव्हते. पुढे पायापाशी पांघरूण गुंडाळलेली बुट्टी, मागे दोरीने आवळलेली झाकणाची टोपली आणि डोक्यात भर दुपारचं ऊन.

रहिमतखाला दर्ग्यामागच्या अंगणात कणी निवडत बसली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

या खालाच्या अंगणात चाळीस वर्षं सिल्की कोंबड्या होत्या. पिसं कसली, कापूसच अंगावर. आत कातडी काळीकुट्ट, पायाला पाच-पाच बोटं. कुणा फकिराने जाताजाता एक जोडी दिली होती म्हणतात. मिरजेपर्यंत ज्याला म्हणून या कोंबड्यांचा नाद लागला, तो शेवटी तिच्या दारात येऊन बसायचा. सरही तसेच आले होते, दोन महिन्यांपूर्वी, पाया पडून. सारी पंचक्रोशी त्यांना सर म्हणायची, म्हणून खालाही म्हणायची. तिच्या तोंडी मात्र ते जरा वेगळंच लागायचं.

“बुट्टीत काय हाय?” तिने विचारलं.

“अंडी. सात.”

“कुणाची?”

“ठकीच्या पोटाखालची.”

“मग ती बुट्टीत कशी?”

सरांनी स्कूटर स्टँडला लावली, बुट्टी आणि टोपली उतरवून अंगणात ठेवली...

सांगायचं तर होतंच. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय. त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, एक पांढरा कोंबडा पिल्लापासून मांडीवर वाढवला होता. बाई गेल्या. कोंबडा राहिला. मागच्या महिन्यात तोही मुंगसाने नेला. त्याच्यापासूनची अंडी उरली ती ही सात. पुन्हा मिळायची नाहीत.

ती सात अंडी सरांनी ठकी या आपल्या सिल्की कोंबडीखाली घातली. ठकी खुडूक होऊन अंडी उबवायला बसली ती अशी बसली, की दाण्यालाही उठेना. सोळा दिवस बसली. सोळाव्या दिवशी सरांचे जुने विद्यार्थी बघायला आले. सरांनी मोठ्या ऐटीत तिच्या पोटाखाली हात घातला, एक अंडं उजेडासमोर धरून दाखवावं म्हणून.

ठकीने सगळ्यांदेखत सरांचा हात फोडला.

“फोडला म्हणजे, रक्त आलं!” सर म्हणाले. “पोरं हसली, खाला. माझ्या वर्गात पस्तीस वर्षं कुणी वर तोंड करून बोललं नाही. आणि ही एवढीशी कोंबडी...”

“मंग?”

“मग तिची खुडूक मोडली. गार पाण्यात बुडवली. तीनदा. नाकात पीसही घातलं, लोक घालतात तसं. अंडी उबवणीच्या मशीनमध्ये ठेवली. मशीन मी स्वतः बनवलंय, अर्ध्या अंशाचा फरक पडत नाही त्यात.”

“मशीन कुठं हाय?”

“घरी. सकाळपासून लाईट नाही. संध्याकाळपर्यंत येणारही नाही म्हणतात. आज विसावा दिवस. तुमची एखादी खुडूक असेल तिच्याखाली घाला एवढी. मी हात जोडतो.”

खालाने कणीचं सूप बाजूला ठेवलं. कोपऱ्यात फुटक्या रांजणात एक काळी कोंबडी पसरून बसली होती. सरांची नजर कधीच तिच्यावर गेली होती.

“तिच्या पोटाखाली तिची हाईत. बारा. जागा न्हाई.”

“सातच आहेत हो...”

“जागा न्हाई म्हटलं की न्हाई. टोपलीत काय हाय?”

सरांनी तोंड वाकडं केलं. “ठकीच. तिला तुमच्याकडे सोडायला आणलीय. असली माजोरी कोंबडी मला नको. कोंबडीला एवढा माज?”

आता मात्र खालाने मान वर केली.

“मग कुणाला असावा? उडता येत न्हाई तिला. पळाय गेली तर केस डोळ्यावर येत्यात. मांजर आलं तर दिसत न्हाई, घार आली तर दिसत न्हाई. अल्लानं तिला दिलंय काय? एवढा माज दिलाय. त्यो बी काढून घ्यायचा म्हंता, सर?”

सरांना राग आला. उत्तर नसलं की त्यांना राग यायचा, ही त्यांची जुनी खोड.

खालाने टोपलीचं झाकण उघडलं.

आत ठकी बसली होती. अंगावरचा कापूस पाण्याने चिकटून वाळलेला, नाकपुडीशी रक्ताची खपली. पोटाखाली काही नव्हतं, नुसता टोपलीचा तळ. त्या रिकाम्या तळावर ती पंख पसरून, पोट टेकवून बसली होती. झाकण निघताच गुरगुरली.

“तीनदा बुडवली म्हंता?” खाला म्हणाली.

“तीनदा.”

“आन् ही मोडली व्हय?”

सर बघत राहिले. चार दिवस त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

खालाने एका घमेल्यात भुसा पसरला. टोपलीतून ठकीला अलगद उचलून त्यात ठेवलं. ठकी आपली बसलेलीच, जागा बदलल्याची तिला पर्वा नव्हती.

“हं. घाला अंडी.”

“मी?”

“काढली कुणी?”

“...मी.”

“मग घालायची बी तुमीच.”

“ती फोडेल हात.”

“फोडंल.”

“तुम्ही घाला ना, खाला. तुमचा हात तिला...”

“शाळंत छडी हुती नव्हं तुमच्याकडं? पोरं हात म्होरं करायची का न्हाई? करा म्होरं.”

आजवर हे कुणी सरांना तोंडावर म्हटलं नव्हतं. ते उठले. स्कूटरपाशी गेले. किल्लीही फिरवली...

बुट्टीतली अंडी त्यांच्या मागे अंगणातच होती. पांघरुणाच्या आत, निवत चाललेली.

सर परत आले आणि मातीत मांडी घालून बसले.

पहिलं अंडं घालताना ठकीने मनगटावर चोच मारली. दुसऱ्याला बोटावर. सरांनी हात झटकून मागे घेतला, खालाकडे पाहिलं. खाला कणी निवडत होती.

तिसऱ्याला ठकीने कातडी धरली आणि पिळली. सरांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. चौथ्याला त्यांनी हात मागे घेतला नाही. पाचव्याला रक्त मनगटावरून खाली उतरलं. सहाव्याला सरांच्या लक्षात आलं, की आपण तिला मघापासून एकही शिवी दिलेली नाही.

सातवं अंडं मुठीत धरून त्यांनी हात आत सरकवला. ठकीने एकवार चोच उगारली. मग तिने अंग उचललं, पंख उघडले, डावीउजवीकडे दोनदा डुलली आणि सगळ्या अंड्यांवर, सरांच्या हातासकट, धप्पकन बसली.

“खाला... हात आत राहिला.”

“दिसतंय.”

“काढू?”

“काढा की. उठवा तिला परत.”

सरांनी हात काढला नाही.

ऊन उतरायला लागलं. खिशातला फोन दोनदा वाजून बंद झाला. पायाला मुंग्या आल्या, कंबर धरली. दर्ग्यात कुणी आलं, गेलं, जाताना त्यांच्याकडे पाहून हसलं. ओळखीचं होतं. सर तसेच बसून राहिले. हाताला ऊब लागत होती. त्यांच्या मशीनमध्ये ऊब मोजता यायची, पण ती अंगाला अशी कधी लागली नव्हती.

मालतीबाई कोंबड्याला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायच्या. सर ओरडायचे, कामं सोडून काय बसतेस म्हणून. त्या उठायच्या नाहीत. कधीच का उठल्या नव्हत्या त्या, हे सरांना आत्ता कळत होतं.

दिवस कलताना असरची बांग झाली तेव्हा मुठीतलं अंडं हललं.

अगदी बारीक. आतून कुणी नख लावावं तसं. मग पुन्हा. मग एक चिवचिव, इतकी कोवळी, की कानाला आधी ती खरी वाटेना. ठकीने ऐकली. तिने घशातल्या घशात काहीतरी उत्तर दिलं आणि अंग आणखी खाली दाबलं.

सरांच्या डोळ्यांना धार लागली. एक हात ठकीखाली, दुसरा मातीने माखलेला, पुसायला काही नव्हतं. पुसावंसंही वाटलं नाही.

“खाला,” ते हळूच म्हणाले, “आता चोच मारत नाहीये ती. बघा... माफ केलं तिनं मला.”

खालाने सूप झटकलं, फुंकर मारून कोंडा उडवला.

“माफ कसलं? अंडं समजलीया ती तुमास्नी. गप बसा.”