पालथं परळ आणि एकशे आठ कांड्या

फार फार मागची गोष्ट. म्हातारे तेव्हाही म्हणायचे की आमचंच बरोबर. म्हणजे बघा, किती जुनी असेल!

एका डोंगरी राज्यात एक नदी होती. खडक इतके की जाळं टाकलं तर फाटायचंच. मासे इतके चतुर की कणकेच्या गोळीला हुंगायचेही नाहीत. म्हणून तिथले लोक गळाला खोटी माशी बांधत. कोंबड्याच्या मानेचं पीस आणि वर रेशमी दोऱ्याचे वेढे. माशी खरी वाटली तर मासा यायचा. मासा आला तर चूल पेटायची.

दोरा असायचा दोरघरात. तिथे भिंतभर एक सागवानी मांडणी होती आणि तिच्या खणांत एकशे आठ कांड्या. बोटभर वेताच्या पेरावर एकेका रंगाचं रेशीम गुंडाळायचं, ती एक कांडी. हळदीपासून केशरापर्यंत, केशरापासून डाळिंबापर्यंत रंग असे सरकत जायचे की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, सांगता येऊ नये. दार उघडलं की माणूस बोलायचा थांबे. मांडणीच्या तळाशी मातीचं एक परळ, म्हणजे पसरट भांडं, पालथं ठेवलेलं होतं. त्याला रोज हळदकुंकू, रोज फुलं. ते पूर्वजांचं होतं, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही.

या सगळ्याचे मालक असल्यासारखे तीन म्हातारे भांडारी तिथे बसत. त्यांची रीत ठरलेली होती. नदीवरची माशी धरून आणायची, उन्हात खडखडीत वाळवायची, मांडणीपुढे धरायची, आणि जुळेल त्या रंगाची कांडी माशी बांधणाऱ्या बाईला द्यायची. पूर्वी असं चालून जाई, कारण नदीत चार मूर्ख मासेही होते. ते केव्हाच खाऊन संपले. आता उरले होते शहाणे.

माशी बांधणारी ती बाई तिशीची होती. तिचा भाऊ गळ टाकायचा. सलग अठराव्या दिवशी तो रिकाम्या हाताने परतला.

"ताई, आज एक मासा आला होता," तो म्हणाला. "माशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसून गेला."

"मासे हसतात होय रे?"

"तुझी माशी बघून हसतात."

ती हसली नाही. दोरघरातून तिला सकाळीच निरोप आला होता. ती गेली तेव्हा थोरला भांडारी सुपारी कातरत होता.

"बाई, तुझ्या हाताला गुण राहिला नाही," तो म्हणाला. "उद्यापर्यंत मासा दिसला नाही, तर परवापासून तुझी कांडी बंद."

"बाबा, दोष दोऱ्यात असेल तर?"

"दोऱ्यात?" धाकटा भांडारी खेकसला. त्याचंही वय सत्तर. "तुझ्या पणजीच्या पणजीने लावलेले रंग आहेत ते! आईवर गेलीस अगदी."

तिच्या आईचीही कांडी अशीच बंद केली होती. एकदा बंद झालेली कांडी पुन्हा सुरू होत नसे. आई पुढे सहा वर्षं जगली, आणि सहा वर्षं तिची बोटं हवेतच वेढे घालत राहिली. ती बोटं हिने बघितली होती.

शेवटची पिवळी कांडी घेऊन ती नदीवर आली. संताप इतका होता की कांडी तिने भिरकावून दिली. मग लगेच कळवळली. शिव्या तरी कुणाला द्यायच्या, म्हणून स्वतःलाच देत ती कंबरभर पाण्यात उतरली. खडकाच्या फटीतून कांडी काढली, आणि बघतच राहिली.

दोरा पिवळा नव्हता. जुन्या पितळेसारखा काळपट झाला होता.

त्याच वेळी नदी उकळल्यासारखी झाली. तळातून हजारो माशा वर येत होत्या. पाण्याची कातडी फोडून, ओले पंख उघडून, एक क्षण तरंगून उडत होत्या. एक तिच्या मनगटावर बसली. पिवळी कुठली? कोवळ्या काकडीच्या गरासारखं अंग, आरपार दिसणारं. आत उजेड ठेवल्यासारखं. उन्हात वाळून ती पिवळी पडायची. जिवंत असताना ती कशी दिसते, हे इतक्या वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. खाली मासे होते, वर आभाळ होतं आणि मधे हा थवा. तिला वाटलं, आपण जन्मभर नदीकाठी राहिलो आणि नदी आज पहिल्यांदा पाहिली.

ती ओलेत्यानेच दोरघराकडे धावली. दुपारची वेळ. तिघेही भांडारी वामकुक्षी करत होते. परंपरा राखणं दमवणारं काम असतं!

प्रत्येक दोरा ओला करून बघायचा होता. पाण्याची घागर कोपऱ्यात होती, पण भांडं नव्हतं. भांडं एकच होतं. तिने परळावरची फुलं बाजूला केली, त्याला नमस्कार केला आणि ते उताणं केलं.

तिने ते उजेडात धरलं.

परळाच्या आत रंगांची कडी होती. काठापासून तळापर्यंत, एकात एक, शेकडो. शेंदरी, निळसर, राखी, हिरवी. ओल्या दोऱ्यांतून सुटलेला रंग पिढ्यान् पिढ्या मातीत मुरत गेला होता. तिची आजी, आजीची आजी, तिच्याही मागच्या बायका, सगळ्यांची बोटं याच पाण्यात बुडाली होती. पूर्वजांनी परळ पुजायला ठेवलंच नव्हतं. दोरा भिजवून पाहायला ठेवलं होतं!

तिने पाणी ओतलं. एकेका कांडीचं टोक बुडवलं. हिरवा काळा झाला, गुलाबी मातकट झाला. शेवटी तिने सर्वांत वरची पांढरी कांडी घेतली. पांढरी अशुभ म्हणून कुणाला देत नसत. पांढरा दोरा भिजला आणि जणू विरघळला. गळावर दोन वेढे घातले तर आतलं लोखंड दोऱ्यातून दिसू लागलं. काकडीचा गर. आरपार. आत उजेड.

"अगं बये! परळ बाटवलंस!" थोरला भांडारी जागा झाला होता.

"आत बघा, बाबा."

"आम्हाला शिकवतेस?"

"पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसे आहात तुम्ही. पण हे परळ आता सरळ आहे. एकदा बघा."

त्याने पाहिलं नाही. तिघेही ओरडत, काठ्या टेकत तिच्यामागे नदीपर्यंत आले. तिने तिथेच खडकावर बसून माशी बांधली आणि आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या भावाच्या हातात दिली.

त्याने गळ टाकला. माशी पाण्यावर बसली, आणि खऱ्या माशांत अशी मिसळली की बांधणारीलाही ती ओळखू येईना.

मग पाणी दुभंगलं. सोनेरी खवल्यांचा, माणसाच्या मांडीएवढा मासा अर्धा आभाळात आला आणि वळला. त्याच्या अंगावरून ऊन ओघळलं. भावाने दोरी धरली ती दोन्ही हातांनी, आणि डोळ्यांत पाणी घेऊन.

"ताई, हा हसला नाही गं," तो म्हणाला.

त्या दिवशी वाडीत प्रत्येक चूल पेटली. पुढचा महिनाभर तिने मांडणी नव्याने लावली. कोरडे रंग शेजारी शेजारी सुंदर दिसतात म्हणून नव्हे, तर भिजल्यावर दोरा ज्या माशीचा होतो त्या माशीच्या खणात. आणि खण नदीच्या क्रमाने, म्हणजे जी माशी आधी उडते तिचा खण आधी. मांडणी आता गबाळी दिसते, राजाचे पाहुणे नाक मुरडतात. मासे मात्र येतात.

दोघे भांडारी रुसून घरी बसले. थोरल्याने माफी मागितली नाही. म्हातारे मागत नाहीत. पण एका सकाळी तो एकटाच आला. परळात बराच वेळ पाहत राहिला. मग घागर उचलली आणि परळात पाणी भरलं. त्यानंतर ते काम त्याने कधी चुकवलं नाही.

बोध: पूर्वजांच्या वस्तूपुढे हात जोडणाऱ्याला ती कळत नाही, ती वापरात आणणाऱ्यालाच कळते.