टिकलीची तोंडी बातमी

लाकडी पेट्या अजून निघाल्या नव्हत्या आणि मधमाश्या जांभळीच्या ढोलीत राहायच्या, तेव्हाची ही गोष्ट. फुलं कुठे आहेत ते मधमाशी नाचून सांगते. तोंडी बातमीवर त्या ढोलीत कुणाचाच विश्वास नव्हता.

माघातल्या एका सकाळी टिकली नावाची माशी दाराशी बसून कुडकुडत होती.

"बघा गं, टिकली नाचतेय!" ठमामावशी ओरडली. "टेकडीपलीकडे बाग फुललीय!"

"मावशी, मला थंडी वाजतेय."

"तोंडाने नको सांगूस. नाच तू, नाच!"

सगळ्या भुर्रकन उडाल्या. टेकडीपलीकडे एक वाळकी बाभूळ होती. सहाही हात हलवत त्या परतल्या. तोवर ऊब द्यायला कुणी नसल्यामुळे राणीही कुडकुडायला लागली होती.

"अगंबाई, राणीसरकारही नाचतायत!" मावशी म्हणाली. "म्हणजे बाग आहेच, आपणच वाट चुकलो!"

"नाचत नाहीये मी! जवळ या!" राणी ओरडली. पण तीही तोंडी बातमीच. थवा पुन्हा उडाला.

राणी टिकलीला बिलगली. "एवढी थंडी आहे, तर आधी सांगायचं नाही का गं?"

"सांगितलं होतं, सरकार," टिकली म्हणाली. "पण तोंडी."