पाणमांजरी आणि लव्हाळ्यांचे तळे

डोंगर उतरून सपाटीला लागणाऱ्या एका ओढ्याच्या काठी एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. मुलांनो, पाणमांजराचे सगळे जगणे माशांवर. तिच्या डोहात पूर्वी मासळी पुष्कळ होती. पण त्या पावसाळ्यात ओढ्याला असा लोंढा आला की डोह वाळूने भरून गेला. मासे पुढे वाहून गेले आणि मागे उरले नुसते खेकडे. खेकड्यांवर किती दिवस निघणार? पिल्लांच्या फासळ्या दिसू लागल्या. धाकटे तर चार हात पोहले की दमून काठावर येऊन बसे. तेव्हा पाणमांजरीने ठरवले, की आता एखादे मरळीचे तळे शोधायचे. मरळ हा स्वतः शिकार करून जगणारा दांडगा मासा. एक हाती लागली, तरी तिघांचे पोट भरले असते.

ओढ्यावर आडव्या पडलेल्या झाडावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. पाणमांजरी त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही सगळीकडे उडता. मरळीचे तळे कुठे आहे, सांगाल का?" पाणकावळ्याला आसपासची तळी ठाऊक होती, पण त्याला वाटेकरी नको होता. तो मान वळवून म्हणाला, "या बाजूला काही राहिले नाही, बाई. टेकडीपलीकडच्या मोठ्या तलावावर जा. तिथे मरळी नुसत्या लोळतात."

पाणमांजरी पिल्लांना घेऊन टेकडी चढली. ऊन लागत होते, पायांखाली दगड होते. धाकट्याला तर तिने बराच वेळ मानगुटीला धरून नेले. पलीकडे खरोखरच एक भला थोरला तलाव होता. निळेशार, स्वच्छ पाणी पाहून पिल्ले आनंदाने काठावर धावली. पाणमांजरीने बुडी मारली, पुन्हा मारली, या काठापासून त्या काठापर्यंत शोध घेतला. तळाशी उघडा खडक होता. गवत नव्हते, बेडूक नव्हते, साध्या चिंगळ्या, म्हणजे बोटाएवढ्या मासोळ्यासुद्धा नव्हत्या. ती रिकाम्या तोंडाने बाहेर आली, तेव्हा थोरल्याने विचारले, "आई, एवढे पाणी आहे, मग मरळ का नाही?"

"इथे ती राहील कशाला?" पाणमांजरी धापा टाकत म्हणाली. "तिला दडायला गवत नाही आणि खायला लहान मासा नाही." बोलता बोलता ती थांबली. सकाळपासून ती दुसऱ्याने सांगितलेल्या पत्त्यावर चालत होती. मरळीला काय लागते, हे तर तिला स्वतःलाच माहीत होते. "चला रे," ती पिल्लांना म्हणाली, "आता वाटेतले प्रत्येक पाणी नीट पाहत जायचे."

टेकडीच्या अलीकडच्या पायथ्याशी एक लहानसे तळे होते. सकाळी ती त्याच्या शेजारून गेली होती, पण तिने तिकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. पाणी हिरवट, काठाला लव्हाळी दाटलेली, मधोमध कमळाची पाने. एका दगडावर म्हातारे कासव ऊन खात बसले होते. पाणमांजरी त्याच्याजवळ टेकली आणि म्हणाली, "आजोबा, इथे मरळ असते का?"

"मला काय ठाऊक, पोरी? मी शेवाळ खातो," कासव म्हणाले. "पण त्या लव्हाळ्यांजवळ चिंगळ्या सारख्या पाण्याबाहेर उड्या मारतात. का मारतात, कोण जाणे."

पाणमांजरीला मात्र ते लगेच समजले. चिंगळ्या उगाच उड्या मारत नाहीत. खालून कोणीतरी त्यांच्या मागे लागलेले असते. ती आवाज न करता पाण्यात उतरली. काठालगत तिला मरळीच्या लालसर पिल्लांचा एक थवा पाण्यावर वळवळताना दिसला आणि त्याच्या खाली, पिल्लांवर नजर ठेवून, एक मोठी मरळ उभी होती. पाणमांजरी अगदी जवळ आली, तरी मरळ जागची हलली नाही. पिल्लांना सोडून ती जाणार कुठे?

"आई, धर ना तिला," काठावरून धाकटे म्हणाले. त्याचा आवाज भुकेने बारीक झाला होता. पाणमांजरीचे पंजे शिवशिवले. पण हिला उचलले, तर हा लाल थवा दिवस मावळायच्या आत दुसऱ्या माशांच्या पोटात जाईल, आणि पुढच्या वर्षी या तळ्यात काय उरेल? ती मागे वळली. "जरा कळ काढ, बाळा," एवढेच ती म्हणाली.

मग पिल्ले नसलेल्या मरळीची वाट पाहत ती कमळाच्या पानांखाली दबा धरून राहिली. पहिली मरळ तिच्या नाकासमोरून निसटली. दुसरी शेवाळात शिरली. पिल्ले काठावरून पाहत होती. ऊन कलायला लागले, तेव्हा लव्हाळी जोरात हलली आणि पाणमांजरी तोंडात एक तडफडती मरळ धरून बाहेर आली. त्या दिवशी तिघेही पोटभर जेवली आणि तिथेच, एका झाडाच्या मुळांत त्यांनी घर केले.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या थव्यातली कितीतरी पिल्ले चांगली मोठी होऊन लव्हाळ्यांत शिकार करू लागली होती. एका सकाळी धाकट्याने आपली पहिली मरळ स्वतः पकडली. काठावर ओढताना ती त्याच्या तोंडून सुटली. त्याने पुन्हा पाण्यात उडी घेतली आणि तिला घेऊनच वर आला. पाणमांजरी जवळच उभी होती, पण मदतीला गेली नाही. आता तशी गरज उरली नव्हती.

तात्पर्य : चांगली जागा दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांनी पारखून शोधावी, आणि ती सापडल्यावर चांगलीच राहावी, म्हणून आपला हात वेळीच आवरावा.